तीन छर्ऱ्यांची तबकडी

राघोबा, तुमचे मडके एका आपटीत फुटले. तुमच्या थोरल्याने ते खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेरे मारले, दर फेरीला दगडाने एकेक भोक पाडले गेले, पाण्याची धार मागे राहिली, आणि तिसऱ्या फेरीअखेर त्याने ते मागच्या मागे सोडले. आवाज जाड आला. मोठे खापर एकही उरले नाही. कल्याणच्या खाडीकाठी जमलेल्या तुमच्या भाऊबंदांपैकी एक म्हातारा हलकेच म्हणाला, "राघोच्याच हातचं हाय." सगळ्यांना ते ठाऊक होते.

मी बातमीदार आहे. ठाण्याच्या आमच्या साप्ताहिकात कोण कधी जन्मला, कोणत्या आजाराने गेला, मागे किती माणसे आहेत, हे चार ओळींत बसवण्याची मला सवय आहे. तुमच्याविषयी त्या चार ओळी मी लिहून बघितल्या. त्यांत खोटे काही नव्हते. पण तुमच्याशी बोलायचे जे राहिले होते, तेही त्यांत काही नव्हते. म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नसे. मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही मधेच थांबवायचात. आता थांबवणारे कोणी नाही, तेव्हा मलाच जपून लिहिले पाहिजे.

आपली ओळख फुटक्या मालामुळे झाली. ठाण्यातल्या साहेब लोकांच्या क्लबात तेव्हा जिवंत कबुतरांवर नेम धरत. पिंजऱ्याचे दार दोरीने ओढायचे, कबूतर उडाले की गोळी. अर्धी मरत, अर्धी जखमी होऊन माजिवड्याच्या शेतांत पडत. गावात कुरकुर झाली, साहेबांच्या बायकांनीही नाके मुरडली, आणि विलायतेत निघालेला नवा खेळ इकडे आला: कबुतराऐवजी भाजलेल्या मातीची तबकडी कमानीच्या यंत्रातून हवेत फेकायची आणि ती उडत असताना बंदुकीने फोडायची. खोकी बोटीने मुंबईला आली, तिथून मालगाडीने ठाण्याला, आणि उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक तबकड्यांचा चुरा झाला होता. क्लबाचे सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, तू या लोकांची भाषा जाणतोस, एखादा कुंभार शोध.

मी एक शाबूत तबकडी रुमालात बांधून कल्याणच्या कुंभारवाड्यात आलो. तुम्ही ती उलटीसुलटी केली, कडेवर टिचकी मारली आणि विचारलेत, "हिच्यात काय ठेवतात?"

"काही नाही. हवेत फेकतात आणि फोडतात."

"फोडायलाच करायची?"

"हो."

तुम्ही चाकामागून गिरजाबाईंना हाक मारलीत. "अगं, ऐकलंस का? चाळीस वर्षं फुटू नये म्हणून जीव काढला. आता साहेब म्हणतो, फुटेल असं कर."

गिरजाबाई आतूनच म्हणाल्या, "मग सोपंच हाय की. तुमच्या भावाला सांगा. त्याचं तसंही फुटतं."

सोपे नव्हते. पहिली खेप तुम्ही सवयीने चांगली भाजलीत. छर्रे तबकडीवर टणटण वाजले आणि तबकडी गवतात सुखरूप उतरली. साहेब हसले. दुसरी खेप कच्ची ठेवलीत. यंत्राची कमान सुटताच ती जागीच फुटली आणि यंत्रावरच्या शिपायाच्या मिशा लाल झाल्या. साहेब पुन्हा हसले, शिपाई नाही. कुंभारवाड्यात तुमची चेष्टा होऊ लागली. शेजारी विचारायचे, "राघोबा, आज फुटलं का नाय फुटलं?" आणि दोन्ही उत्तरांना तेवढेच हसायचे.

तिसऱ्या वेळी मी आलो तेव्हा तुम्ही मला भट्टीपाशी नेलेत. मधोमध रांजण आणि घागरी, भोवती शेणी आणि पेंढा, आणि अगदी कडेला, जिथे आच कमी लागते, एका बाजूला चार-पाच साधी मडकी.

"ती कोणाची?" मी विचारले.

"ती कुणाची ते जाणारा ठरवतो." तुम्ही म्हणालात. "अण्णा, तिरडीसंगं जे मडकं जातं, ते भरल्या पाण्यानं खांद्यावर तीन फेरे टिकलं पाहिजे. आणि टाकलं की एका आपटीत गेलं पाहिजे. नाय फुटलं तर मेलेला मागं वळून बगतो म्हणतात. म्हणून ते कडेला भाजायचं. माझ्या आज्यापासून ही जागा त्याचीच." मग तुम्ही एक शेणी सारखी केलीत. "साहेबाच्या पाखराला तरी दुसरं काय पायजे? कमानीचा झटका सोसायचा, आणि छर्रा लागला की जायचं."

तुम्ही तबकड्यांना शेवटपर्यंत पाखरंच म्हणालात. त्या खेपेपासून पाखरे बरोबर फुटू लागली. एक छर्रा लागला तरी हवेत लाल धूर व्हायचा आणि तुकडे पसरायचे. साहेब लोक तुम्हाला नावाने ओळखू लागले, आणि तुम्ही मला एकदा कानात म्हणालात, "रोज पन्नास तिरड्यांची मडकी फोडतात हे, आणि टाळ्या वाजवतात. सांगू नका त्यांना."

मी सांगितले नाही. न सांगणे मला नेहमीच सोपे गेले आहे. आता त्या दिवसाकडे येतो.

थंडीचे दिवस होते. माजिवड्याच्या माळावर क्लबाचा वार्षिक सामना होता आणि पहिल्यांदाच एका आपल्या माणसाला त्यात उभे राहू दिले होते. जंगलखात्यातले यशवंतराव, माजिवड्याचेच. बंदूक त्यांच्या साहेबाची, मागून आणलेली. त्यांची भावकी, गावकरी, चेंदणीचे काही कोळी, असे शे-दीडशे लोक दोरीच्या पलीकडे उभे होते. सेक्रेटरी साहेबांनी मला आधी सांगून ठेवले होते की हा एक प्रयोग आहे. नीट झाला तर पुढच्या वर्षी आणखी दोघा-तिघांना घेऊ.

गुणांच्या मेजावर मी बसलो होतो. फुटली की उभी रेघ, नाही फुटली की शून्य. नियम असा की तबकडीचा निदान एक तुकडा सुटताना दिसला पाहिजे. एकेक जण गळत गेला आणि शेवटी एक कप्तान आणि यशवंतराव राहिले, दोघांच्या रेघा सारख्या. कप्तानाने शेवटची तबकडी फोडली. यशवंतराव पुढे झाले. साहेब लोक यंत्राची दोरी ओढण्यासाठी इंग्रजीत ओरडत, यशवंतराव मात्र दर वेळेप्रमाणे मराठीत म्हणाले, "ओढ!"

तबकडी डावीकडे, खाडीच्या बाजूला गेली. बार झाला. तबकडीच्या कडेवरून चिमूटभर धूळ उडाली, ती हवेत किंचित डगमगली आणि तशीच अखंड गवतात पडली.

पंच साहेबांनी हात आडवा केला. म्हणजे चुकली.

यशवंतराव वळून शांतपणे म्हणाले, "साहेब, धूळ उडाली."

पंचांनी माझ्याकडे पाहिले. "तुकडा सुटलेला तू पाहिलास?"

"नाही, साहेब."

राघोबा, हे उत्तर खरे होते. मला तुकड्याविषयी विचारले गेले आणि तुकडा सुटला नव्हता. धुळीविषयी कोणी विचारले नाही. मी शून्य काढले. यशवंतरावांनी बंदूक उघडून रिकामे काडतूस खिशात घातले, कप्तानाशी हात मिळवला आणि दोरीखालून वाकून आपल्या माणसांत गेले. शनिवारच्या अंकात मी लिहिले: "शेवटची तबकडी यशवंतरावांना चुकली."

सोमवारी तुम्ही छापखान्यात आलात. तुमच्या धोतराला कुसळे चिकटलेली होती. सामन्यानंतर माळावर फिरून न फुटलेली पाखरे गोळा करायची तुमची पद्धत होती. तुम्ही रविवारी गेला होतात. तुम्ही फडक्यातून एक तबकडी काढून माझ्या मेजावर, ओल्या मुद्रितांच्या शेजारी ठेवलीत. कडेजवळ तीन बारीक खड्डे होते आणि त्यांतल्या एकात छर्रा अजून रुतलेला होता.

"काल मी गाडीत एकाकडून ऐकलं, पेपरात काय आलंय ते," तुम्ही म्हणालात. "चुकली असं लिवलंय?"

"हो."

"चुकली नाय. लागली. एक नाय, तीन. माझी माती फुटली नाय." तुम्ही तबकडीला टिचकी मारलीत. ती वाजली, घंटेसारखी. "ऐका. ही वाजतीय. ही भट्टीच्या मधली हाय. पाखरू कधी वाजतं का? चूक माझी. तसं छापा. माणसाची नाय, कुंभाराची चूक."

मी तुम्हाला समजावले. नियमाने तुकडा सुटावा लागतो. तो सुटला नाही, म्हणून पंचांचा निकाल बरोबर. निकाल बरोबर, म्हणून बातमी बरोबर.

"निकालाचं मी बोलतच नाय, अण्णा. कप्तान जिंकला तर जिंकला. पण चुकणं आणि न फुटणं यात फरक हाय का नाय?"

"वहीत नाही. दोन्हीला शून्य."

"मग वहीत नसेल. पेपरात तरी असंल?"

मी म्हटले, हे छापले तर सेक्रेटरी साहेब उद्याच विलायतेला पत्र धाडतील आणि तुमचे काम जाईल. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे." मी म्हटले, पुढच्या अंकी पाहू. तुम्ही तबकडी पुन्हा फडक्यात बांधलीत.

ते न छापण्याचे कारण म्हणून मी स्वतःला अनेक वर्षे तुमचे काम पुढे केले. ते खरे नव्हते. छापायचे तर धूळ मला दिसली होती हे लिहावे लागले असते, आणि मग पंचांसमोर मी का बोललो नाही हेही. माझ्या अचूकपणाचा मला अभिमान होता. तो मी राखला.

यशवंतरावांचे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे, तरी इथे नोंदवतो. पुढच्या वर्षी क्लबाने आपल्या कोणालाच घेतले नाही. सेक्रेटरी साहेब मला म्हणाले, प्रयोग करून पाहिला, ऐन वेळी त्यांचा हात कापतो. यशवंतरावांची डहाणूच्या बाजूला बदली झाली आणि तिथल्या जंगलात ते हिवतापाने गेले. माजिवड्यात मात्र कोणाचे काही ऐनवेळी हुकले की अजून म्हणतात, "यशवंताची शेवटची." मी हे माझ्या कानांनी ऐकले आहे. म्हणणाऱ्याला यशवंत कोण तेही ठाऊक नव्हते.

आणि तुमचे काम? तेही वाचले नाहीच. तीन-चार वर्षांत विलायतेहून डांबर आणि चुनखडीच्या काळ्या तबकड्या येऊ लागल्या, वाटेत न फुटणाऱ्या, भट्टीत न जाणाऱ्या. तुम्ही एक हातात घेऊन वास घेतलात. "ह्याला माती कशाला म्हणायची," म्हणालात आणि घागरींकडे परतलात. म्हणजे मी ज्यासाठी गप्प बसलो असे सांगत होतो, ते राहिले नाही. आणि ज्याच्यासाठी तुम्ही बोला म्हणत होतात, तो माणूसही राहिला नाही. तरीही आपला वाद चालू राहिला. मी काही कामाने कल्याणला आलो की तुम्ही चाक थांबवायचात, चहाऐवजी गुळपाणी यायचे आणि दुसरा घोट होण्याआधी प्रश्न यायचा, "छापलंत का?"

कधी मी चिडलो. एकदा म्हणालो, "राघोबा, मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?"

तुम्ही म्हणालात, "मेलेल्या माणसासाठीच मडकी करतो मी. मला इचारता?"

गेल्या भेटीत, तुमचा श्वास लागत होता तेव्हा, तुम्ही बोटानेच विचारलेत, हवेत लिहिल्यासारखे. मी म्हटले, "पुढच्या अंकी." तुम्ही हसलात. ते हसणे माफीचे होते की थट्टेचे, हे मी नक्की सांगू शकत नाही, म्हणून लिहीत नाही.

आता जे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत ते.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. गिरजाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितले. कोपऱ्यात मिठाचे मडके होते आणि त्याच्यावर झाकण म्हणून ती तबकडी. तीन खड्डे. छर्रा अजून तिथेच.

माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. "ती तेवढ्या वर्षांची तशीच हाय," त्या म्हणाल्या. "दोनदा माझ्या हातून पडली. फुटत नाय मेली."

मी म्हणालो, "राघोबा म्हणायचे, त्यांची चूक झाली."

"त्यांची?" त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अण्णा, त्या साली आमच्या लेकीचं लगीन होतं. लग्नघरी रंगवून मांडायची मडकी त्याच भट्टीत रचलेली. आणि हे कडेला, मरणाच्या मडक्यांच्या जागी, सामन्याला कमी पडलेली डझनभर पाखरं लावून आंबिवलीला गेले माती बघायला. मला बगवेना. माझ्या पोरीच्या लग्नाची भट्टी, आणि तिच्यात ती जागा भरलेली. मी पाखरं उचलली नि मधे सरकवली, घागरींच्या पोटात. म्हटलं, भाजतील चांगली, काय बिघडतंय. आले नि आच दिली त्यांनी. त्यांना काय ठाव."

"त्यांना कधी कळले?"

"सामना झाल्यावरच्या रविवारी. हे पाखरू घेऊन आले, उंबऱ्यात उभे राहिले नि टिचकी मारली. वाजलं. माझ्याकडं बगितलं. मी खाली बगितलं. झालं."

"काय म्हणाले?"

"काय नाय. 'लग्नाची मडकी चांगली निघाली' म्हणाले. नि दुसऱ्या दिशी तुमच्याकडं निघून गेले." त्यांचा आवाज तेवढा एकदाच बदलला. "एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलले नाय. जगाला सांगायचे, माझी माती, माझी चूक. मीच एकदा म्हटलं, माझं नाव सांगा की. तर म्हणाले, लेकीचं लगीन कशाला मधे आणायचं, तिच्या सासरी कानावर जाईल, शकुन-अपशकुन काढत बसतील."

मी विचारले, "आता लिहू का?"

"लिवा. लेकीला नातवंडं व्हायची वेळ आली. आता कसला अपशकुन? त्यांनी झाकलं, मी नाय झाकत." त्या जरा पुढे झुकल्या. "पण तुमचं पण लिवा. हे सांगायचे, अण्णाला दिसलं होतं. म्हणायचे, त्या दिशी छापखान्यात मी 'लागली' म्हटलं तर अण्णा एकदा पण 'कशावरून' म्हणाला नाय."

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दरवेळी "छापलंत का" विचारताना तुम्ही तुमची चूक छापायला सांगत नव्हतात. मला माझी सांगायला जागा करून देत होतात, स्वतःची पुढे करून. जी तुमची नव्हतीही. इतक्या वर्षांत एकदाही "तुम्ही पाहिलंत ना" असे म्हणाला नाहीत. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे आणि एवढे साधे वाक्य मला ऐकू आले नाही.

तबकडी गिरजाबाईंनी मला देऊ केली. मी घेतली नाही. मिठाला झाकण लागते. पण त्यांच्या परवानगीने ती एका दुपारपुरती रुमालात बांधून माजिवड्याला नेली. यशवंतरावांचे धाकटे भाऊ अंगणात होते. मी ती त्यांच्या हातात दिली, कुठून आली ते सांगितले. त्यांनी अंगठा एकामागून एक तिन्ही खड्ड्यांवरून फिरवला, पुन्हा पहिल्यावर आणला. "तीन?" म्हणाले. मी म्हटले, "तीन." त्यांनी घरातल्यांना हाक मारली. मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

या शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर, बाजारभावाच्या वर, पुढील मजकूर आहे. तुम्हाला वाचून दाखवतो, नेहमीप्रमाणे.

"दुरुस्ती. माजिवड्याच्या माळावर झालेल्या नेमबाजीच्या सामन्याच्या जुन्या वृत्तात, शेवटची तबकडी कै. यशवंतराव यांना चुकली असे आम्ही छापले होते. ते चूक आहे. तबकडीला तीन छर्रे लागले होते. ती भट्टीत अधिक भाजली गेल्यामुळे फुटली नाही. बार होताच तिच्यावरून धूळ उडाली. ती आमच्या बातमीदाराने गुणांच्या मेजावरून स्पष्ट पाहिली होती आणि त्याने ते सांगितले नाही."

राघोबा, छापले.